दमणं वेगळं, आंबणं वेगळं

'अंग आंबणे' म्हणजे नुसतं 'खूप दमणे' असा अर्थ बऱ्याचदा दिला जातो, तो मला अपुरा वाटतो. आमच्या साताऱ्याकडं अजिंक्यतारा चढून गेलं की माणूस दमतो. पाच मिनिटं वाऱ्याला बसला, पाणी प्यायला, की झालं. आंबणं असं जात नाही.

दिवसभर वाकून भांगलण (शेतातलं तण काढणं) करून आलेली बाई म्हणते, "पाय पार आंबून गेल्यात गं." त्यात दुखणं आहे, जडपणा आहे, आणि दुसऱ्या दिवशी उठवत नाही तेही आहे. बहुतेक वेळा आंबतं ते अंग, पाय, पाठ, खांदे. मन शिणतं, ते आंबत नाही. (हा फरक मला फार मोलाचा वाटतो.)

शब्द अर्थातच पीठ आंबतं तिथला. मजा म्हणजे दह्यात असतं तेच लॅक्टिक आम्ल कष्टानं स्नायूंतही वाढतं. पण ते तासा-दोन तासांत ओसरतं; दुसऱ्या दिवशीचा ठणका स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळं असतो. म्हणून शब्दाची व्युत्पत्ती या आम्लाशी जोडू नये.

खूप दमण्याला 'मेटाकुटीला येणे' असंही म्हणतात; पण मेटाकुटीला माणूस कर्जानंही येतो, त्याला अंगमेहनत लागत नाही.