संस्था पथनाट्य करून निघून जातात, याला लोकसहभाग म्हणायचं का?

तिसरीघंटा
सात वर्षं सामाजिक संस्थांसाठी पथनाट्यं केली, म्हणून लिहितोय. संहिता ऑफिसात लिहिली जाते, वस्तीत गर्दी जमते, फोटो निघतात आणि अहवालात डोकी मोजून ‘लोकसहभाग’ लिहिला जातो. एका भिंतचित्राच्या वेळी तर रेघा आधीच मारून ठेवल्या होत्या. बायकांना सांगितलं, आत फक्त रंग भरा. एक मावशी ब्रश हातात धरून म्हणाल्या, “हे झाड कुठलं? असलं झाड इथं नाहीच.” आम्ही सगळे गप्प. तरी त्यांनी ते हिरवं रंगवलं. काय दाखवायचं हे लोक ठरवत नसतील, तर त्याला सहभाग म्हणू नये.

साधाकागद
अजिबात पटलं नाही. जुलाबाची साथ आली की पाणी उकळून प्या हे आज सांगावं लागतं. वस्ती विषय ठरवेल म्हणून थांबायचं? नाटकातून सांगितलेलं लक्षात राहतं, एवढं पुरेसं आहे. प्रचाराला कमी लेखू नका.

तिसरीघंटा
साथीचं मान्य. पण दारू, हुंडा, मारहाण यावरही आपण नुसती उत्तरंच वाटतो. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये अन्याय सोसणारं पात्र हरतं तिथं प्रसंग संपतो. मग तोच पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकांतलं कुणीही “थांबा” म्हणून त्या पात्राच्या जागी उभं राहतं. १९९३ ते १९९६ या काळात ते रिओच्या नगरपरिषदेत होते, तेव्हा अशा प्रयोगांतून आलेल्या सूचनांचे १३ कायदे झाले.

उसवण
एड्सनं गेलेल्यांच्या आठवणीत अमेरिकेत शिवलेली ती गोधडी घ्या. १९८७ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा पसरली तेव्हा १,९२० तुकडे होते. माप ठरलेलं, ३ बाय ६ फूट, साधारण एका कबरीएवढं. आत काय शिवायचं ते गेलेल्या माणसाच्या जवळच्यांनी ठरवलं. तेव्हाही माणसं रोज मरतच होती, साधाकागद. घाई त्यांनाही होती.

साधाकागद
गोधडीचं उदाहरण पटलं. पण ‘लोक ठरवतील’ म्हणजे नेमके कोण? मोकळा मंच दिला की पहिल्यांदा उठतात ते नेहमीचेच चार पुरुष. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. कोपऱ्यातली सून तोंड उघडत नाही. तिची बाजू निदान लिहून आणलेल्या नाटकात तरी येते.

तिसरीघंटा
हा मुद्दा खरा आहे, मलाही छळतो. म्हणून तालीम तिच्या सवडीच्या वेळेला हवी, मुलं सांभाळायला कुणीतरी हवं, आणि आधी बायकांचीच वेगळी तालीम व्हायला हवी. त्याला महिने लागतात. अनुदानाच्या अर्जात प्रयोगांची संख्या विचारतात, तालमींची नाही.

साधाकागद
मग भांडण देणगीदाराशी करा. तोवर मी लिहिलेलं नाटक बंद करणार नाही.