२०२४-टी३ ॲल्युमिनियमवर क्रोमेटऐवजी सोल-जेल लेप: तडे का जातात आणि हा लेप एकटा पुरतो का?

प्रश्न · धातुरक्षक

आमच्या प्रयोगशाळेत २०२४-टी३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्यांवर सोल-जेल लेपाचे (द्रव 'सोल'पासून घट्ट जाळे तयार होणाऱ्या लेपाचे) प्रयोग सुरू आहेत. टीईओएस (टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट, सिलिका देणारे द्रव), इथेनॉल, पाणी आणि थोडे नायट्रिक आम्ल यांच्या सोलमध्ये पत्रा बुडवून तो सावकाश वर काढतो व मग भट्टीत तापवतो. लेप जाड झाला की सूक्ष्म तडे जातात. पातळ ठेवला तर सॉल्ट स्प्रेमध्ये (मिठाच्या फवाऱ्यातील क्षरण-चाचणीत: ५ टक्के मीठ, ३५ अंश सेल्सिअस) काळे ठिपके लवकर उमटतात. तापमान वाढवून लेप अधिक घट्ट करावा का? प्रायमरशिवाय (रंगाखालच्या पहिल्या थराशिवाय) तो क्रोमेट या क्रोमियमयुक्त संरक्षक थराची जागा घेऊ शकेल का?

उत्तर · सिलेन

तापमान वाढवू नये. निव्वळ सिलिकाचे जाळे पुरेसे घट्ट व्हायला कित्येक शे अंश लागतात, तर टी३ अवस्थेचे बळ शीत-संस्करण (थंड अवस्थेत आकार देणे) आणि नैसर्गिक वयोवर्धन (खोलीच्या तापमानात कालांतराने बळ वाढणे) यांतून आलेले असते. सुमारे १९० अंशांवर या मिश्रधातूचे कृत्रिम वयोवर्धन करतात, म्हणजे तिथे पत्रा टी३ राहतच नाही आणि त्याहून वर त्याचे बळ झपाट्याने घटते. लेप वाचवण्यासाठी धातू बिघडवणे परवडणारे नाही.

तडे जातात ते मुख्यतः आकुंचनामुळे. अल्कोहोल व पाणी निघून गेल्यावर लेप आक्रसू पाहतो, पण धातूला चिकटलेला असल्याने त्याला आडवे आक्रसता येत नाही, आणि जाडी वाढली की साचलेला ताण त्याला फाडतो. म्हणून टीईओएसमध्ये जीपीटीएमएससारखे सेंद्रिय साखळी असलेले सिलेन (सिलिकॉनचे संयुग) मिसळावे. ही साखळी ताण सामावून घेते, त्यामुळे काही मायक्रॉन जाडीचा लेपही सलग राहतो आणि १०० ते १२० अंशांवर पक्का होतो. सोबत झिर्कोनियम प्रोपॉक्साइड घेणार असाल, तर त्याचे जलअपघटन (पाण्याशी होणारे विघटन) सिलेनपेक्षा फार वेगाने होते हे लक्षात घेऊन ते आधी ॲसिटिक आम्लाने आवरावे, अन्यथा गाळ बसेल.

उत्तर · पृष्ठप्रक्रिया

पत्रा कसा स्वच्छ करता, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या मते निम्मा निकाल तिथेच ठरतो. अल्कली एचिंगनंतर (अल्कलीने पृष्ठभाग किंचित विरघळवल्यावर) या तांबेयुक्त मिश्रधातूवर काळपट थर उरतो. तो नायट्रिक आम्लाने काढून टाकावा, पत्रा भरपूर पाण्याने धुवावा आणि त्यावर पाण्याचा पापुद्रा न तुटता टिकतो का ते पाहावे. पाणी थेंबाथेंबाने गोळा होत असेल तर तेलकटपणा शिल्लक आहे. त्यानंतर लेप देण्यास विलंब करू नये, कारण सोलमधील सिलॅनॉल गटांना (सिलिकॉनला जोडलेल्या हायड्रॉक्सिल गटांना) बंध जोडण्यासाठी ताजा, हायड्रॉक्सिलयुक्त ऑक्साइड थर हवा असतो.

उत्तर · क्षरणवेध

प्रायमरशिवाय क्रोमेटची जागा घेता येईल का, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या दृष्टीने स्पष्ट नकारार्थी आहे. २०२४ मध्ये ३.८ ते ४.९ टक्के तांबे असते आणि त्यातील तांबे-मॅग्नेशियमयुक्त कणांभोवती स्थानिक विद्युतघट तयार होऊन खड्डे पडतात. क्रोमेट थरातून षट्संयुजी क्रोमियम हळूहळू पाझरते आणि ओरखड्यापर्यंत पोहोचून तिथले क्षरण थांबवते. साधा सोल-जेल लेप फक्त अडथळा असतो. ओरखडा धातूपर्यंत गेला की त्याच्याकडे देण्यासारखे काही उरत नाही. षट्संयुजी क्रोमियम कर्ककारक असल्याने ते सोडायलाच हवे, पण त्याने केलेले काम कोणावर तरी सोपवावेच लागते.

बोइंगमध्ये विकसित झालेल्या बोजेल या झिर्कोनियम-सिलेन सोल-जेलचा उपयोग यासाठीच उद्बोधक आहे: तो धातू आणि प्रायमर यांना जोडणारा पातळ थर आहे व क्षरण रोखण्याची जबाबदारी प्रायमरमधील क्षरणरोधकावर राहते. आपणही मोजमाप या संपूर्ण रचनेचेच करावे, आणि सॉल्ट स्प्रेबरोबर विद्युतरासायनिक प्रतिबाधा मापनही (लेप प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला किती अडवतो याचे मापन) करावे, म्हणजे ठिपका दिसण्याआधीच लेपात पाणी शिरल्याचे कळेल. आपल्याकडे हैदराबादच्या एआरसीआय या पदार्थ-संशोधन संस्थेत सोल-जेल लेपांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. त्यांचे काम अवश्य पाहावे.

धातुरक्षक

मनःपूर्वक आभार. सोलमध्येच सेरियम नायट्रेट घातले तर?

क्षरणवेध

उपयोग होतो. ऋणाग्राशी (विद्युतघटातील ऑक्सिजनची क्रिया होणाऱ्या जागी) अल्कधर्मीपणा वाढतो, तिथे सेरियमचे हायड्रॉक्साइड बसते आणि ऑक्सिजनची क्रिया मंदावते. मात्र मात्रा वाढली की जाळे सैल होऊन अडथळाच कमकुवत होतो, म्हणून अगदी कमी प्रमाणापासून सुरुवात करावी आणि सेरियमविरहित पत्रा तुलनेसाठी प्रत्येक वेळी सोबत ठेवावा.