हिमबिबट्याला रेडिओ कॉलर लावण्याची गरज का भासते?

साखळीची विद्यार्थिनी:
नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. आमच्या गोव्यातील सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यात, पट्टेरी वाघाच्या वावराचा पुरावा कॅमेरा ट्रॅपनेच, म्हणजे प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यानेच दिला. देशातील हिमबिबट्यांची पहिली पद्धतशीर गणनाही २०१९ ते २०२३ या काळात मुख्यतः कॅमेऱ्यांच्याच आधारे झाली. तीत अंगावरील ठिपक्यांवरून २४१ वेगवेगळे प्राणी ओळखता आले आणि एकूण संख्या ७१८ असावी असा अंदाज मांडला गेला, त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये. प्राण्याला हातही न लावता इतके कळत असेल, तर अशा दुर्मीळ जनावराला पकडून, भूल देऊन त्याच्या गळ्यात पट्टा अडकवणे कितपत योग्य आहे? कॅमेऱ्याला न कळणारे असे काय त्या पट्ट्यातून कळते, आणि त्यापायी प्राण्याला काय सोसावे लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त प्राध्यापक, मडगाव:
कॅमेरा जिथे बांधला असेल तिथेच पाहतो. आज या खिंडीत टिपलेला प्राणी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खिंडीत टिपला गेला, तर मधले दिवस त्याने कुठे घालवले याचे उत्तर त्या दोन छायाचित्रांत नसते. ‘किती प्राणी आहेत’ हा प्रश्न कॅमेरा चांगला सोडवतो. ‘एका प्राण्याला जगायला किती मुलूख लागतो’ हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि माझ्या मते संरक्षणाच्या दृष्टीने अधिक कळीचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर साधनाबरोबर कसे बदलत गेले ते पाहण्यासारखे आहे. नेपाळच्या लांगू खोऱ्यात १९८०च्या दशकात रॉडनी जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा हिमबिबट्यांना कॉलर लावल्या. त्या व्हीएचएफ प्रकारच्या, म्हणजे रेडिओलहरींनी संदेश सोडणाऱ्या होत्या. संशोधकाने अँटेना हातात धरून कडे चढायचे, संदेश कोणत्या दिशेने येतो ते दोन-तीन ठिकाणांहून नोंदवायचे आणि त्या रेषा जिथे छेदतील तिथे प्राणी असल्याचे मानायचे, अशी ती पद्धत होती. खोल दऱ्यांत हा संदेश कड्यांवर आदळून भलत्याच दिशेने येतो, आणि प्राणी डोंगराच्या पलीकडे उतरला की तो ऐकूच येत नाही. त्या अभ्यासातून एका प्राण्याचे क्षेत्र सुमारे १२ ते ३९ चौरस किलोमीटर निघाले.

पुढे मंगोलियात, दक्षिण गोबीतील तोस्त पर्वतरांगेत, २००८पासून दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. तिथल्या जीपीएस कॉलर दर काही तासांनी स्वतःच आपले स्थान नोंदवतात आणि उपग्रहामार्फत पाठवतात, त्यामुळे माणूस पोहोचू शकत नाही तिथल्या नोंदीही हाती आल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात नराचे क्षेत्र सरासरी २०७ आणि मादीचे १२४ चौरस किलोमीटर भरले, म्हणजे आधीच्या अंदाजांच्या कितीतरी पट. त्याच अभ्यासात असे दिसले, की हिमबिबट्यांच्या प्रदेशातील सुमारे ४० टक्के संरक्षित क्षेत्रे एका प्रौढ नरालाही पुरणार नाहीत इतकी लहान आहेत. नकाशावर अभयारण्याची सीमा आखून काम भागत नाही, मेंढपाळांच्या कुरणांतच या प्राण्याला जागा ठेवावी लागते, हे ठामपणे सांगण्याचा आधार त्या पट्ट्यांनी दिला. तोस्तला त्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पशुवैद्य, फोंडा:
प्राण्याला काय सोसावे लागते, याबद्दल लिहितो. मी स्वतः हिमबिबट्यावर काम केलेले नाही, परंतु भूल देण्याचे नियम सर्वत्र सारखेच कडक असतात. तोस्तमध्ये प्राणी ज्या कड्यांखाली गंधखुणा सोडतात, तिथे पायात अडकणारे फास लावतात. फासाला लहान ट्रान्समीटर जोडलेला असतो. फासात पाय अडकताच तळावर सूचना मिळते आणि रात्र असो वा दिवस, पथकाला तत्काळ निघावे लागते. हा वेळ कमी ठेवणे सर्वांत महत्त्वाचे, कारण कडाक्याच्या थंडीत अडकलेला पाय गारठू शकतो. मेडेटोमिडीन आणि टिलेटामीन-झोलाझेपाम यांची भूल देतात. त्यांपैकी मेडेटोमिडीनचा परिणाम उतरवणारे औषध उपलब्ध आहे. प्राणी बेशुद्ध असताना डोळे झाकतात, श्वास, नाडी आणि शरीराचे तापमान सतत पाहतात.

पट्ट्याचे वजन प्राण्याच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा संकेत आहे. चाळीस किलोच्या प्राण्यासाठी ही मर्यादा साधारण एक किलोच्या आसपास येते. मान अजून वाढत असलेल्या पिल्लांना पट्टा लावू नये, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पट्टा आपोआप गळून पडण्याची सोय त्यात असावी. धोका शून्य कधीच होत नाही. म्हणूनच ज्या प्रश्नाचे उत्तर विष्ठा किंवा कॅमेरा देऊ शकतो, त्यासाठी मी पट्ट्याला संमती देणार नाही.

वाळपईचा वाचक:
पशुवैद्यांचा शेवटचा मुद्दा मान्य आहे, परंतु हिमबिबट्या कोणते प्राणी मारतो, या प्रश्नात पट्टाच अधिक खरे बोलतो. प्राणी एकाच जागी बराच वेळ थांबला की नकाशावर स्थानांचा पुंजका तयार होतो, आणि तिथे जाऊन पाहिले की बहुधा शिकारीचे अवशेष सापडतात. तोस्तमध्ये १९ हिमबिबट्यांच्या २४९ शिकारी अशा तपासल्या गेल्या. परिसरात पाळीव जनावरे रानातल्यांपेक्षा कितीतरी अधिक असूनही ७३ टक्के शिकार आयबेक्स (रानबकरा) आणि अरगली (रानमेंढा) यांसारख्या वन्य प्राण्यांची, तर २७ टक्के पाळीव जनावरांची होती. नुकसान खरे आहे, पण ते किती आणि कुठे, हे मेंढपाळांसमोर पुराव्याने मांडता आले.

जानेवारी २०२०मध्ये आमच्या गोळावली परिसरात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. त्यामागे गुरे मारली जाण्याचा राग होता. अशी माहिती आपल्याकडे वेळेत असती आणि भरपाई तत्परतेने दारात पोहोचली असती, तर ती वेळ आली नसती असे मला मनापासून वाटते. मात्र पट्ट्याची ताजी स्थाने शिकाऱ्यांच्या हाती लागली तर अनर्थ होईल, म्हणून ती उघड न करण्याची शिस्त हवी.

साखळीची विद्यार्थिनी:
सर्वांचे आभार. पुढे असे काम करायचे असल्यास परवानगी कोणाकडून घ्यावी लागते?

निवृत्त प्राध्यापक, मडगाव:
हिमबिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. संशोधनासाठी त्याला पकडायचे, तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि त्यापूर्वी केंद्र सरकारची मान्यता घ्यावी लागते. विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे हे जमणार नाही. आपण उल्लेखिलेल्या गणनेचे समन्वयन डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने केले आणि म्हैसूरचे नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनही त्यात सहभागी होते. अशा संस्थांच्या प्रकल्पांत प्रवेश मिळवणे हाच मार्ग आहे. तोवर वन खात्याच्या परवानगीने म्हादईतील बिबट्यांची छायाचित्रे ठिपक्यांवरून वेगळी करण्याचा सराव करावा. ओळखण्याची रीत दोन्हीकडे तीच आहे.