जुन्या बाजारातलं हिरोशिगेचं चित्र: घ्यावं का?

कसबापेठी: जुन्या बाजारात हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं पावसातल्या पुलाचं चित्र आहे, फ्रेमसकट. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये तैलरंगात उतरवलं तेच. विकणारा 'शंभर वर्षं जुनं, फ्रान्सहून आलेलं' म्हणतो. काय तपासू?

ठसेकर: आधी कडेला बघा. चौफेर जपानी अक्षरांची चौकट असेल तर ते व्हॅन गॉगच्या चित्राचं पोस्टर. ती चौकट त्याने पदरची जोडली होती.

नसेल तर दहापट भिंग लावा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली की ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची छपाई, विषय संपला. मग फ्रेममधून काढायला लावा (कुरकुरेल, कुरकुरू दे) आणि कागद उलटा. अस्सल चित्र लाकडी ठशाचं असतं: ठशावर पाण्यातला रंग लावून, वर तुतीचा कागद ठेवून बारेनने, म्हणजे बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या चकतीने, पाठीमागून घासतात. रंग कागदात मुरतो, मागे उमटतो, घासल्याच्या खुणाही राहतात. पाठ पांढरीफटक असेल तर सोडून द्या. अशा चित्राच्या कागदाचा ठरलेला 'ओबान' आकार साधारण ३७ × २५ सेंमी. पण कडा कातरलेल्या असू शकतात, मापावर विसंबू नका.

मुळा_मुठा: ठसा लाकडी निघाला तरी तो १८५७ चाच, म्हणजे हिरोशिगेच्या मूळ चित्राच्या वेळचा, असं नाही. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर युरोपात या चित्रांचं वेड वाढलं, १८७२ मध्ये ब्युर्ती या फ्रेंच समीक्षकाने त्याला 'जॅपोनिझम' नावही दिलं. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर जपानमध्येच जुनी चित्रं नव्या फळ्यांवर कोरून छापली गेली. त्यात प्रकाशकाचा आणि तारखेचा शिक्कासुद्धा कोरतात, म्हणून शिक्का हा पुरावा नव्हे. अस्सल छाप असलेल्या एखाद्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं मोठं छायाचित्र शेजारी धरा आणि पावसाची एकेक रेघ कुठे संपते ते जुळवा. फळी वेगळी असेल तर तिथे फरक सापडतोच.

कसबापेठी: चित्र पुठ्ठ्याला चिकटवलंय. भिजवून सुटेल?

ठसेकर: अजिबात नको! जुने लाल-जांभळे रंग पाण्यात पसरतात. पाठ दिसत नाही म्हणजे निम्मी तपासणी गेली; फ्रेमच्या किमतीपेक्षा जास्त देऊ नका.

मुळा_मुठा: अवांतर: त्याच्याकडे वेरूळ-अजिंठ्याचं जपानी चित्र दिसलं तर मात्र थांबा. योशिदा हिरोशीने भारतफेरीनंतर १९३१-३२ च्या सुमारास ती केली. समासात पेन्सिलीने इंग्रजी सही असते, कारण गिऱ्हाईक बरंचसं अमेरिकेतलं. डाव्या समासात 'जिझुरी' (म्हणजे 'स्वतः छापलेलं') शिक्का हवा. तो नसेल तर बहुधा १९५० नंतरचा, त्याच्या माघारी काढलेला छाप.