आईच्या बांगड्या आणि तिच्या हातची लोणच्याची चिठ्ठी रेझिनमध्ये करायचीय, पण ट्रायल चिकट राहिली

अंगणातला_प्राजक्त:
नमस्कार. मी चिपळूणला असते. आईला जाऊन आता आठ महिने होतील. तिच्या सहा हिरव्या काचेच्या बांगड्या माझ्याकडे आहेत आणि माझं लग्न झाल्यावर तिने कैरीच्या लोणच्याची कृती लिहून दिली होती तो वहीचा कागद आहे, "मोहरीची डाळ वाटीभर, मेथी तळून घे, घाई करू नको" असं बॉलपेनने लिहिलेलं, कोपऱ्यात हळदीच्या तेलाचा डाग. हे दोन्ही आणि तिनेच लावलेल्या प्राजक्ताची फुलं असं रेझिनच्या (हार्डनर मिसळलं की काचेसारखं पारदर्शक आणि कडक होणारं द्रव) एका गोल ठोकळ्यात घालून दिवाळीला बाबांना द्यायचंय.

आधी नुसती फुलं घालून छोट्या सिलिकॉनच्या साच्यात ट्रायल केली. डब्यावर २:१ लिहिलंय, मी चमच्याने मोजलं, दोन चमचे रेझिन एक चमचा हार्डनर. तीन दिवस झाले तरी बोट लावलं की ठसा उमटतो, वरून दुधाच्या सायीसारखं धुरकट दिसतंय, फुलं तपकिरी झाली आणि त्यांच्याभोवती बारीक बुडबुडे. इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये. एकजण म्हणाली पुढच्या वेळी हार्डनर थोडा जास्त टाक म्हणजे पटकन सुकेल. टाकू का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, वस्तू एकेकच आहेत, परत मिळणार नाहीत.

वरमाला_ते_फ्रेम:
ताई, हार्डनर अजिबात वाढवू नका. रेझिन सुकत नाही, जुळतं. म्हणजे रेझिन आणि हार्डनर एकमेकांना धरतात आणि कडक होतात, त्यातलं जे जास्त होईल त्याला जोडीदारच मिळत नाही आणि ते तसंच चिकट राहतं, मग दहा दिवस ठेवा नाहीतर महिना. आता बघा डब्यावर २:१ च्या पुढे बारीक अक्षरात 'वजनाने' लिहिलंय का. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं त्यामुळे चमच्याचं माप आणि वजनाचं माप सारखं येत नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आणि ढवळताना चार मिनिटं हळूहळू, भांड्याच्या कडा आणि बूड खरवडत, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून परत एक मिनिट. पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं जे चिकटून बसतं तेच साच्यात गेलं की तेवढा भाग ओला राहतो, मी लग्नाचे हार रेझिनमध्ये करते, सुरुवातीला माझं नेहमी इथेच बिघडायचं.

वरची साय ही पावसाळ्याची. हार्डनर हवेतली ओल खेचतो आणि वर मेणासारखा थर येतो. कडक झालेला तुकडा असेल तर कोमट साबणाच्या पाण्याने निघून जातो. खोली बंद ठेवून एसी ड्राय मोडवर लावा आणि मगच ओता, किंवा सरळ ऑक्टोबरमध्ये करा, दिवाळीच्या आधी दोन आठवडे मिळाले तरी पुरे.

फुलं ओली होती, म्हणून बुडबुडे आणि तपकिरी रंग. सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) बंद डब्यात आठवडाभर ठेवायची, हाताला कागदासारखी कुरकुरीत लागली पाहिजेत. पांढरी फुलं तरीही थोडी पिवळसर होतात, मोगरा निशिगंध सगळ्यांचं तेच. प्राजक्ताच्या पाकळ्या फार पातळ आहेत, रेझिनमध्ये जवळजवळ पारदर्शक होतील, पण केशरी देठ छान दिसतील. मला तर तेच आवडेल.

जुनी_पत्रं:
बांगड्या करा, पण मूळ चिठ्ठी त्यात घालू नका. हे मी हात जोडून सांगतेय.

मी माझ्या वडिलांचं पत्र घातलं होतं, हॉस्टेलला असताना आलेलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. कागद रेझिन पितो आणि तेल लागल्यासारखा होतो, मागची अक्षरं पुढे दिसायला लागली, पुढची त्यांच्यात मिसळली, दहा मिनिटांत वाचताच येईना. आणि एकदा ओतलं की झालं, त्यातून काही परत काढता येत नाही. त्याला चार वर्षं झाली, ते पत्र मला पाठ आहे पण त्यांचं 'चि.' लिहायचं वळण आता कुठेच बघता येत नाही.

चिठ्ठी चांगल्या रिझोल्यूशनला स्कॅन करा, डागासकट, डाग पुसून टाकू नका. झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंट काढा, इंकजेट नको, तिची शाई पसरते. प्रिंटला दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही फेव्हिकॉलचा पातळ हात दोनदा द्या, पूर्ण वाळू द्या आणि मगच घाला. मूळ कागद फोल्डरमध्ये, अंधारात. हळदीचा रंग उजेडात उडतो.

लॅबमधला:
बांगड्यांबद्दल दोन गोष्टी. सहा एकावर एक रचल्या तर जाडी बरीच होणार, ते एकदम ओतू नका. मिश्रण जुळताना उष्णता निघते, जाड थरात ती बाहेर पडत नाही, मग धूर येणं, पिवळं पडणं, तडा जाणं असं सगळं होतं. साधं आर्ट रेझिन असेल तर एका वेळी साधारण एक सेंटीमीटर, पहिला थर जेलीसारखा घट्ट पण चिकट असतानाच दुसरा. पूर्ण कडक झाला असेल तर हलकं सँडपेपर मारून, पुसून मग ओता. बांगड्यांना आधी ब्रशने रेझिनचा हात फिरवा, काचेच्या खालच्या बाजूला हवा अडकते ती तिथेच सुटते. ठोकळा खिडकीत ठेवायचा नाही, इपॉक्सी, म्हणजे हे रेझिन, उन्हाने पिवळं पडतं, डब्यावर यूव्ही रेझिस्टंट (ऊन सोसणारं) लिहिलेलं असलं तरी त्याने फक्त पिवळं पडायला वेळ जास्त लागतो.

आणि नायट्राईल ग्लोव्हज घालाच. मी वर्षभर उघड्या हातांनी काम केलं, काही झालं नाही, आणि मग एक दिवस मनगटापर्यंत पुरळ उठलं, आता नुसता डबा उघडला तरी खाज येते. ही अ‍ॅलर्जी एकदा लागली की जात नाही. हाताला लागलं तर थिनर नको, साबण आणि पाणी.

अंगणातला_प्राजक्त:
सगळ्यांचे खूप आभार. डबा बघितला, 'वजनाने' असंच लिहिलंय. काटा मागवला. फुलं रोज सकाळी अंगणात सडा पडतो त्यातलीच घेतेय, ती कितीही बिघडली तरी उद्या परत पडतात, त्यामुळे सराव फक्त त्यांच्यावर. काल एसीच्या खोलीत केलेला तुकडा आज सकाळी टणक निघाला, नख पण रुतत नाही, देठ खरंच केशरी राहिलेत.

चिठ्ठी स्कॅन केली. बाबांपासून लपवायचं होतं पण बांगड्या घेताना त्यांनी बघितलं, मग सांगूनच टाकलं. ते बराच वेळ हातात घेऊन बसले आणि म्हणाले, चार टाक, दोन राहू देत कपाटात, त्यांचा आवाज येतो.

तर आता चारच. चार बांगड्यांना किती ग्रॅम लागेल अंदाजे? साचा गोल आहे, १० सेंमी व्यास, ३ सेंमी खोल.

वरमाला_ते_फ्रेम:
साच्यात पाणी भरून ते काट्यावर मोजा, जितके ग्रॅम पाणी तितके मिली. तुमचा साचा काठोकाठ भरला तर साधारण २३५ मिली. रेझिन पाण्यापेक्षा थोडं जड, तेव्हा २६० ग्रॅम धरा, तीन थरांत वाटून. साचा नंतर अगदी कोरडा पुसा, एक थेंबही राहायला नको.