औषधं, प्रार्थना आणि बंदूक
युद्धक्षेत्रात मदतीला जाणारे ख्रिस्ती स्वयंसेवक औषधाआडून धर्मांतरच करतात, असं म्हटलं जातं. सरसकट पटत नाही. म्यानमारमध्ये (जुनं नाव बर्मा) काम करणारी फ्री बर्मा रेंजर्स ही मदतसंस्था बघा. १९९७ मध्ये म्यानमारच्या लष्कराच्या मोहिमेमुळे तिथल्या अल्पसंख्याक करेन समाजाचे हजारो लोक जंगलात पळाले, तेव्हा डेव्हिड युबँक हा मिशनरी (पूर्वी अमेरिकी सैन्यात होता) पाठीवर औषधं घेऊन त्यांच्यापर्यंत गेला. आज बहुतेक काम स्थानिक लोकच करतात, त्यांत बौद्धही आहेत. मलेरिया, बाळंतपणं, भूसुरुंगाने तुटलेले पाय, सगळं चालत जाऊन. शिवाय कॅमेऱ्यावर अत्याचारांची नोंद. २०१७ मध्ये इराकमधल्या मोसुल शहरातल्या लढाईतही हे स्वयंसेवक होते, तिथले बहुतेक जखमी मुस्लिम.

माझी अडचण प्रार्थनेची नाही, बंदुकीची आहे. यांच्यातले काही जण स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगतात. रेडक्रॉसला हे कधीच चालणार नाही.