जुनी कार सीट, जुना पाळणा आणि ‘आम्ही नाही का वाढलो?’

डोंबिवलीची_आई

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एका काकांनी लांबलचक पोस्ट टाकली. सार असं: बाळ दोन वर्षांत सगळ्यातून बाहेर पडतं, त्याच्यासाठी नवं घेणं हा पैशाचा माज आहे. कपडे, पाळणा, गादी, ब्रेस्ट पंप, कार सीट (गाडीत बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची खुर्ची), सगळं जुनं आणा. शेवटी नेहमीचंच, “आम्ही नाही का वाढलो?” खाली अंगठ्यांची रांग. तिथे तोंड उघडलं असतं तर शेजारधर्म संपला असता, म्हणून इथे लिहिते.

कपड्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालतच नाहीत. नणंदेच्या लेकाची झबली-टोपरी, आईच्या सुती साडीची दुपटी, बाबांच्या धोतराचे लंगोट. नव्या कापडाला खळ असते, शिवण टोचते. धुऊन धुऊन विरविरीत झालेलं सुतीच बाळाच्या अंगाला बरं.

पण कार सीट त्याच यादीत? तिचं खरं काम आयुष्यात एकदाच पडतं, आणि ते ती करेल की नाही हे बाहेरून दिसत नाही. ठोकर बसलेली सीटही वरून धडधाकट दिसते. कव्हर काढलं तर आतल्या थर्मोकोलला चीर गेलेली असू शकते, पट्टा ताणलेला असू शकतो. उन्हात उभ्या गाडीत वर्षानुवर्षं तापून प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून पुष्कळ सीटच्या तळाशी किंवा पाठीवर बनवल्याची तारीख असते आणि किती वर्षं वापरायची तेही दिलेलं असतं. ओएलएक्सवर विकणारा “आमची गाडी ठोकली होती” असं सांगणार आहे का? कार सीट नवीच घ्या. पंप नवा घ्या. गादी नवी घ्या. बाकी खुशाल जुनं आणा.

नाशिकचा_बाबा

ताई, सल्ला चांगला आहे, पण तो कुणासाठी आहे? बरी सीट काही स्वस्त नसते. बाळंतपणाचं बिल भरून बाहेर पडलेल्या माणसाला तुम्ही “नवीच घ्या” सांगितलंत की तो नवी घेत नाही, घेतच नाही. मग बाळ कुठे बसतं? पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर. माझ्या सख्ख्या भावाकडे हेच चाललंय. जुनी सीट आणि मांडी यांतलं काय बरं, तेवढं सांगा.

डोंबिवलीची_आई

जुनी नको म्हणजे मांडी चालेल, असं मी कुठे म्हटलं? ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर दहा किलोचं बाळ जवळजवळ १४० किलोच्या जोराने पुढे जातं. एवढं कुठल्या आईच्या हातांनी धरवेल? त्यातून पुढे एअरबॅग. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलांना बांधून बसवणं सक्तीचं आहे, नाहीतर हजार रुपये दंड. दंड कुणी वसूल करताना दिसत नाही, ते सोडा. भावाला आधी मागे बसायला सांगा.

लातूरची_मास्तरीण

तुम्ही सगळे गाडीवाले आहात असं धरूनच चर्चा चालली आहे. आमच्याकडे स्कूटर आहे. मी, नवरा, मध्ये लेक. २०२२ मध्ये दुचाकीसाठीही नियम आला: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हार्नेस, म्हणजे चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा हवा, हेल्मेट हवं, वेग ४० च्या आत. त्यावर कुणी धागा काढत नाही. हेल्मेट जुनं घेऊ नये हे मला पटतं, एकदा आपटलेलं हेल्मेट गेलंच. पण आमच्या गावात इतक्या लहान डोक्याचं नवं हेल्मेट दुकानात नव्हतंच, पुण्याहून मागवावं लागलं. जुनं की नवं हे ठरवायला आधी वस्तू मिळायला हवी.

सदाशिव_आजोबा

मुद्दा कार सीटचा आहे, त्यात मला गती नाही. पण “आम्ही नाही का वाढलो” हे वाक्य इतकं टोचण्याचं कारण कळत नाही. आमच्या घरात वडिलांनी सुताराकडून करून घेतलेला सागवानी पाळणा आहे, पांगुळगाडाही आहे. माझी भावंडं, माझी मुलं, पुतणे सगळे त्याच पाळण्यात झोपले आणि त्याच पांगुळगाड्याला धरून चालले. सुनेला आता दोन्ही नकोत, कारण कुठेतरी वाचलं की वॉकर वाईट. मग नवा पाळणा आला, प्लायवूडचा. सहा महिन्यांत त्याचा स्क्रू सैल.

कोल्हापूरची_नर्सताई

आजोबा, तुमची सून जे वाचते आहे ते वेगळ्या वस्तूबद्दल आहे. पांगुळगाडा बाळ उभं राहून मागून ढकलतं. पडलं तर आपल्या उंचीवरून पडतं. सध्या वॉकर म्हणून विकतात तो गोल, बाळ मध्ये लटकतं, खाली चाकं, पाय जेमतेम टेकलेले. त्यात बाळ डोळ्याचं पातं लवायच्या आत खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचतं. मी कॅज्युअल्टीला होते तेव्हा वॉकरसकट जिन्यावरून गडगडलेली बाळं बघितली आहेत. कपाळावर हे एवढं टेंगूळ आणि आई सांगते, “मी इथेच होते हो.” ती खरंच तिथेच असते. कॅनडात २००४ पासून त्यावर बंदी आहे, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही बंदी मागत आले आहेत. तो जुना घेऊ नका, नवाही घेऊ नका.

नाशिकचा_बाबा

हे जरा अति होतंय. आमचा मुलगा वॉकरमध्ये बसायचा म्हणून बायकोला दोन घास सुखाने खाता यायचे. जिना होता, आम्ही दार लावायचो. अकराव्या महिन्यात चालायला लागला.

कोल्हापूरची_नर्सताई

वॉकरमुळे नव्हे, त्याचं वय झालं होतं म्हणून. लटकून पाय मारणं म्हणजे चालणं नव्हे, तोल सांभाळायला बाळ जमिनीवरच शिकतं. आणि दार एक दिवस उघडं राहतं.

नाशिकचा_बाबा

म्हणजे आम्ही निष्काळजी आईबाप? घरात दुसरं माणूस नाही, सासूबाई गावाला, नवरा शिफ्टला, अशा बाईने पोळ्या लाटताना बाळ ठेवायचं कुठे? पर्याय सांगा, मग वॉकर काढून टाका म्हणा.

लातूरची_मास्तरीण

पर्याय मी सांगते. जमिनीवर गोधडी, भोवती उश्यांची नव्हे तर उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांची भिंत. उशा तोंडावर येतात. किंवा पाळण्यात. आमच्या आया शेतात झाडाला झोळी बांधून कामं करायच्या.

सदाशिव_आजोबा

म्हणजे शेवटी पाळणाच. माझं तेच म्हणणं होतं.

डोंबिवलीची_आई

आजोबा, पाळणा जुना असायला माझी हरकत नाही, पण दोन गोष्टी तपासा. कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. थंड पेयाचा साधा कॅन मधून आत गेला तर अंतर जास्त आहे, बाळाचं अंग सरकून मान अडकू शकते. आणि रंग. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, लागू झाली २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये काय आहे देव जाणे, आणि दात येताना बाळ कठडाच चावतं.

सदाशिव_आजोबा

वडिलांनी पाळण्याला फक्त पॉलिश केलं होतं. पांगुळगाडा मात्र हिरवा आणि लाल आहे. तो मी कानशीने घासून काढू शकतो.

कोल्हापूरची_नर्सताई

घरात तर अजिबात घासू नका. शिसं असलं तर ती धूळ रंगापेक्षा वाईट, आणि सून बाळंतीण आहे. बाहेर सुताराकडे द्या.

स्टुटगार्टचा_मराठी

इकडे जर्मनीत जुन्या वस्तूंचं कुणाला काही वाटत नाही. वसंतात आणि शरदात शाळा-चर्चच्या हॉलमध्ये मुलांच्या वस्तूंचे बाजार भरतात, चांगल्या पगाराची माणसं रांगेत उभी असतात. पण कार सीटबद्दल तेच लोक विकणाऱ्याची उलटतपासणी करतात. सीटवर नारिंगी लेबल असतं. सीट जुन्या आर ४४ नियमातली असेल आणि त्यावरचा मंजुरीचा आकडा ०३ किंवा ०४ ने सुरू होत नसेल तर ती इथे वापरताच येत नाही. नवा नियम आर १२९, त्यातल्या सीटही चालतात. भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ सीटवरही हे नारिंगी लेबल असतं, ते बघा. दुसरं, गादीबद्दल ताईंचं बरोबर आहे. २००२ साली स्कॉटलंडमधला अभ्यास आला होता, दुसऱ्या घरातून आणलेल्या वापरलेल्या गादीचा आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचा संबंध त्यात दिसला.

नाशिकचा_बाबा

संबंध दिसला म्हणजे गादीमुळेच झालं असं नव्हे. घरची परिस्थिती, सिगारेट, शंभर गोष्टी असतात.

स्टुटगार्टचा_मराठी

मान्य, कारण सिद्ध झालेलं नाही. पण आठशे रुपयांच्या गादीसाठी मी तो वाद घालत बसणार नाही.

लातूरची_मास्तरीण

फोमची जुनी नकोच, पावसाळ्यात तिला जो कुबट वास येतो तो उन्हाने जात नाही. कापसाची असेल तर पिंजारी सोडवून, कापूस पिंजून, नव्या खोळीत भरून देतो. ती जुनी म्हणायची की नवी?

कोल्हापूरची_नर्सताई

चालेल, फक्त घट्ट भरून घ्या. बाळ रुतेल अशी मऊ गादी नको. आता पंप, कारण त्यावर कुणीच बोललं नाही. ज्या पंपात दूध मोटारीकडे जाण्याचा रस्ता बंद नसतो, त्याच्या आत दुधाचा ओलावा जाऊन बुरशी धरते. बाहेरचे भाग उकळाल, मोटार कशी उकळणार? मैत्रिणीचा घेऊ नका. रुग्णालयातले पंप अनेकजणींसाठीच बनवलेले असतात, तिथे प्रत्येकीला नळ्या-कप वेगळे. परवडत नसेल तर हाताने दूध काढायला कुठलीही जाणती नर्स शिकवेल, फुकट.

डोंबिवलीची_आई

हे कुणी आधी का सांगत नाही? दुकानदार तर पंपाशिवाय बाळ वाढतच नाही असं बोलतो.

नाशिकचा_बाबा

असो. मेव्हण्याकडे त्याच्या मुलीची सीट आहे. त्याची गाडी कधी ठोकलेली नाही हे मला माहीत आहे, मीच चालवतो अर्धा वेळ. तळाशी २०२१ छापलंय, पुस्तिका आहे, नारिंगी लेबलही आहे, आत्ताच फोटो मागवला. ती भावाला नेऊन देतो. अनोळखी माणसाची घेणार नाही, इतकं तुमचं ऐकलं. पण “नवीच घ्या” हे मला मान्य नाही.

डोंबिवलीची_आई

ओळखीची, न ठोकलेली, मुदतीतली घ्या. तिला माझा विरोध नाही.

नाशिकचा_बाबा

वर तुम्ही “कार सीट नवीच घ्या” लिहिलंय. वाचा पुन्हा. आणि वॉकरबद्दल माझं मत तेच आहे.

कोल्हापूरची_नर्सताई

दुसऱ्या बाळाच्या वेळी तो वॉकर कुणाला देऊ नका, विकूही नका. मोडून भंगारात टाका.

सदाशिव_आजोबा

सुतार परवा येतोय. कॅन घेऊन पाळण्याचे गज मोजले, कॅन जात नाही. सुनेला इथला धागा दाखवला. पाळणा ठेवू म्हणाली, गादी मात्र नवी. पांगुळगाड्याचं काय ते रंग काढल्यावर बघू म्हणते.